पोरीचा वाटा

रस्त्यानं दप्तर पाठीला लावलेलं पोर दिसलं की ठकूमामी त्याला अडवायच्याच.

"कितवीला?"

"पाचवीला."

"फुडं?"

"सहावी."

"फुडं?"

असं करत पोराला दहावीपर्यंत न्यायच्या आणि मग "हं, जा आता" म्हणून सोडायच्या. दहावीच्या पुढचं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. आमच्या शिवारातली पोरं तर मामी लांबून दिसल्या की आधीच "सहावी, सातवी, आठवी, नववी, दहावी" असं एका दमात म्हणून पळ काढायची. मामी हसायच्या नाहीत. पोर वळणाआड जाईपर्यंत त्याच्याकडं बघत उभ्या राहायच्या.

ठकूमामी बायकांच्या टोळीच्या मुकादम. यवत, खुटबाव, आसपासच्या वाड्यावस्त्या, जिथं खुरपणी असेल, फुलं तोडायची असतील, कांदा काढायचा असेल तिथं सकाळी त्यांची पिकअप यायची. मी मूळची शिरूरची. बी.कॉम. होऊन खुटबावात सून म्हणून आले. आमच्याकडं शेवंती, कांदा आणि थोडा ऊस. पाणी आणि बाजार मिस्टर बघायचे, बायामाणसांचं काम सासूबाई बघायच्या. सासूबाईंचे गुडघे गेले तसं ते माझ्याकडं आलं आणि ठकूमामीही माझ्या वाट्याला आल्या.

उंच, काटक बाई. लुगड्यावर पुरुषी पांढरा शर्ट, त्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. दातांना मिश्री. बोलणं कमी, आणि जे बोलायचं ते समोरच्याच्या तोंडावर. टोळीतल्या बायका त्यांना नवऱ्याला घाबरत नसतील इतक्या घाबरायच्या. बाकीच्या मुकादमांपेक्षा मामींचा दर थोडा जास्तच असायचा, पण त्यांच्या हाताखाली काढलेला कांदा चाळीत सडत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून शेतकरी कुरकुरत का होईना त्यांनाच बोलवायचे.

आणि त्यांचा एक नियम होता. ज्या घरातली पोरगी दहावीच्या आत शाळा सोडून कामाला येईल, त्या घरातली बाई टोळीत राहणार नाही. सासूबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा वर असंही म्हणाल्या, की मुकादमानं माणसं आणावीत, मास्तरकी कशाला करावी.

तो नियम मी पहिल्यांदा बघितला तो एका दसऱ्याच्या तोंडावर. शेवंतीला भाव होता, दुपारी पुण्याच्या बाजाराला माल घेऊन टेम्पो जायचा होता, आणि एकेक हात मोलाचा होता. बायका उतरल्या, सऱ्यांना लागल्या. सगळ्यांच्या तोंडाला फडकी बांधलेली आणि अंगात शर्ट, त्यामुळं कोण कुठली ते ओळखू येत नाही. मामी सरीसरीनं चालत होत्या. एका ठिकाणी थांबल्या आणि म्हणाल्या, "फडकं सोड."

आतून रूपालीचा चेहरा निघाला. टोळीतल्या सुमनची थोरली, नववीत शिकणारी. सुमन शेजारच्याच सरीत होती, तिनं मान वर केली नाही. तिचा नवरा यवतला ट्रक भरायच्या कामाला होता. पोती उचलताना त्याची पाठ गेली आणि तो दोन महिने खाटेवर पडून होता. खाली अजून दोन लहान. पोरीला का आणलं हे विचारायची गरजच नव्हती.

मामी ओरडल्या नाहीत. रूपालीच्या हातातली टोपली काढून घेतली आणि तिला बांधावर नेऊन बसवलं. शाळेची वेळ होत आली तशा माझ्याकडं आल्या.

"वैनी, गाडी काढा."

मी सांगितलं की माल भरायचाय, टेम्पो यायचाय, मला इथून हलता येणार नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. त्या तशा उभ्या राहिल्या की आपणच काहीतरी अडवून धरलंय असं वाटायला लागायचं. मी स्कूटी काढली. मधे रूपाली, मागं मामी, अशा तिघी हायस्कूलवर गेलो.

वर्ग सुरू झाला होता. मामी दारात उभ्या राहिल्या आणि वर्गावरच्या बाईंना म्हणाल्या, "दप्तर उद्या येईल हिचं. आज नुसतं बसू द्या."

बाईंनी रूपालीच्या अंगातल्या बापाच्या शर्टाकडं बघितलं, त्याच्यावरच्या हिरव्या डागांकडं बघितलं, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला सरकायला सांगितलं. रूपाली बसली. मग मामी वळल्या. शेतात येऊन रूपालीची अर्धवट राहिलेली सरी त्यांनी स्वतः पुरी केली, आणि संध्याकाळी सुमनला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

मला ते अजिबात पटलं नाही. घरात कमावणारी एकटी बाई, तिचंच काम काढून घ्यायचं हा कुठला न्याय? मी तसं बोलून दाखवलं.

"मलाबी पटत न्हाई," मामी म्हणाल्या. "पण आज हिला सोडली तर फुडल्या म्हैन्यात पिकअपमदी निम्म्या पोरीच दिसतील."

चार दिवसांनी सुमन परत टोळीत दिसली. रूपाली शाळेत जात होती. मध्ये काय झालं ते मला नंतर बायकांकडून कळलं. मामी रोज संध्याकाळी सुमनच्या दारात जाऊन बसत होत्या. समजूत घालत नव्हत्या, धमकी देत नव्हत्या. पोरगी शाळेत गेली तर तिच्या रोजाचं काय, हा सुमनच्या नवऱ्याचा प्रश्न होता, आणि मामींना त्याचं उत्तर शोधायचं होतं.

त्यांनी काढलेलं उत्तर मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्या हिवाळ्यात आमच्या कांद्याचं काम टोळीनं उक्तं घेतलं होतं. म्हणजे दिवसाच्या रोजावर नाही, सगळ्या रानाचं मिळून ठरलेलं. काम संपलं, मी पैसे मामींच्या हातात दिले. मामी बांधावर बसल्या, पदर पसरला आणि वाटे घातले. बायका होत्या त्यापेक्षा एक वाटा जास्त पडला.

"ह्यो कुणाचा?" अलकानं विचारलं.

"रूपीचा. ती साळंत कामाला गेलीया."

अलकाला दोन मुलगेच. ती म्हणाली, की मला पोरगीच नाही तर माझ्या घामातलं मी का द्यायचं? तिचं बोलणं चुकीचं नव्हतं, आणि बाकीच्या बायकांच्याही मनात तेच असणार, कारण सगळ्या खाली बघत होत्या.

मामी म्हणाल्या, "तुझी सून आज कुठंतरी नववीत बसली आसंल, अलके. तिला उठवू नगं."

अलकानं आपला वाटा उचलला आणि कनवटीला लावला. त्या दिवसापासून उक्त्या कामात एक वाटा जास्तीचा पडायला लागला. त्याला सगळ्या पोरीचा वाटा म्हणायच्या. ज्या घरात सगळ्यात नड असेल आणि पोरगी शाळेत असेल त्या घरी तो जायचा. कुणाच्या घरी द्यायचा ते मामी ठरवायच्या, आणि त्यावरून भांडणंही होत. एकदा दोघी जणी त्या कारणानं टोळी सोडून गेल्या. मामींनी वाटा काही बंद केला नाही.

मी शिरूरला मोठी झाले, शिकले, शिक्षणानं गरिबी जाते असं भाषणात कितीदा ऐकलं. पण रोजावर जगणाऱ्या बायकांनी आपल्या पोटातलं काढून दुसरीच्या पोरीला वर्गात बसवलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

मामी जिंकतच गेल्या असं मात्र झालं नाही. रूपाली दहावीत गेली आणि दिवाळीच्या सुट्टीत तिचं लग्न लागलं. शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठच्या एका गावातलं स्थळ. हुंडा नको, मानपान नको, नारळ आणि मुलगी द्या. बाप पाठीनं पडलेला, सुमन खंगलेली, त्यांनी होकार दिला. कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरलं होतं. मामींना आदल्या संध्याकाळी कळलं आणि त्या तशाच सुमनच्या घरी गेल्या. तिथं रूपालीच्या बापानं खाटेवरूनच त्यांना विचारलं, "मामी, वाटा तुमी किती वरीस देनार? आन् अजून दोन हायेत माज्या पदरात."

पोरगी घरच्यांनी आधीच मुलाकडच्या गावी पाठवली होती. मामी लग्न थांबवायला गावच्या पोलीस पाटलाकडं गेल्या, तो सकाळी बघू म्हणाला. सकाळी मामी एकट्याच निघाल्या. चौफुल्यावर बराच वेळ थांबल्या, मिळेल त्या गाडीनं पारगावचा पूल ओलांडून नदीपलीकडं गेल्या आणि पुढं चालत निघाल्या. पोचल्या तेव्हा पत्रावळी उचलत होते.

तिथं त्यांनी तमाशा केला नाही. जेवल्याही नाहीत. नवरीपाशी जाऊन बसल्या आणि थोड्या वेळानं उठल्या. काय बोलल्या ते रूपालीनं मला पुढं खूप दिवसांनी सांगितलं. मामी एवढंच म्हणाल्या होत्या, "मला उशीर झाला, रूपे. पर तुजी दहावी ऱ्हायलीया, ते ध्येनात ठेव."

दुसऱ्या दिवशी मामी कामावर आल्या. दुपारी बायका भाकरीची फडकी सोडून जेवायला बसल्या, मामींनी आपलं सोडलंच नाही. मी त्यांच्याशेजारी बसले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, मामी, तुम्ही एवढं मनाला का लावून घेता. मग त्या बोलल्या. मी त्यांना एवढं सलग बोलताना ना आधी ऐकलं होतं ना नंतर.

त्यांचं माहेर इनामगावचं. लहान असताना गावाशेजारच्या टेकाडावर जुनं उकरायचं काम चाललं होतं. माती वाहायला पोरंटोरं लागायची म्हणून बापानं तिसरीतून काढून तिकडं घातलं. मातीतून खापऱ्या निघायच्या आणि साहेब लोक त्या धुऊन त्यांच्यावर बारीक अक्षरं लिहायचे. मामी म्हणाल्या, "फुटक्या खापरीवर दोन अक्षरं लिव्हायला तेवढी माणसं राबत व्हती. मला वाटायचं, मी खापरी आसते तर बरं."

हे सांगताना त्या थोड्या हसल्या. पुढचं सांगताना नाही हसल्या.

टोळीत मंगल नावाची एक बाई होती. चाळिशीची, अबोल, नेहमी मामींच्या शेजारची सरी धरणारी. मी इतके दिवस तिला बघत होते. ती मामींची मुलगी आहे हे मला त्या दुपारी कळलं. दोघी एकमेकींशी बोलायच्याच इतकं कमी.

"मंगलला आठवीतनं मीच काढली," मामी म्हणाल्या. "बापानं न्हाई. त्यो नगं म्हनत व्हता. कांद्याला हात कमी पडत व्हतं, मीच काढली. हुशार व्हती."

मंगलचा नवरा लवकर गेला. तेव्हा शिरूरकडं कारखाने नवे नवे उभे राहत होते आणि बायकांना कामाला घेतात असं कानावर आलं. मामी मंगलला घेऊन एका कंपनीच्या फाटकावर गेल्या. फाटकावरच्या माणसानं एकच विचारलं, दहावी झाली का? मंगलनं मान वळवून आईकडं बघितलं.

"नुसती बगितली माज्याकडं," मामी म्हणाल्या. "एक शबूद बोलली न्हाई. आजून बोलली न्हाई."

मंगल पलीकडं बसून भाकरी खात होती. तिला ऐकू जात असणार. तिनं पाण्याची बाटली उचलली, प्यायली आणि आईच्या पुढ्यात सरकवली.

दीड वर्ष गेलं. एका सकाळी पिकअपपाशी रूपाली उभी होती, कडेवर सहा-सात महिन्यांची मुलगी. नवऱ्यानं आणून सोडलं होतं आणि परत न्यायचं नाव काढत नव्हता. तिला काम हवं होतं. सगळ्या बायका मामींकडं बघत राहिल्या, कारण रूपालीचं वय अजून शाळेचंच होतं आणि दहावी झालेली नव्हती. नियम म्हणजे नियम होता.

मामींनी त्या बाळाकडं बघितलं. "चढ," म्हणाल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी त्या रूपालीला घेऊन आमच्या ओसरीवर आल्या. मला म्हणाल्या, "वैनी, तुमी शिकलेल्या हाय. ते जरा कामाला लावा." बाहेरून दहावीला बसता येतं हे त्यांनी हायस्कूलच्या बाईंकडून आधीच विचारून घेतलं होतं. मग रोज काम संपलं की रूपाली आमच्याकडं बसायची. इंग्रजी आणि गणित मी घ्यायचे, बाकीचं ती वाचायची. बाळ मंगलच्या मांडीवर. मामी उंबऱ्याशी पाठ टेकून बसायच्या. आम्ही काय बोलतो त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण रूपाली अडखळली की त्यांची मान वर यायची.

मार्चमध्ये परीक्षा आली आणि नेमका आमचा कांदा काढून रानात पडलेला होता. गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळीच आभाळ भरून आलं. पात कापून कांदा काटायला टोळी यायची होती, ती आली नाही. सासूबाईंचा जीव वरखाली व्हायला लागला. फोन लावला तर पिकअपवाला म्हणाला, सगळे यवतला आहेत.

मी स्कूटी घेऊन गेले. रूपालीचं परीक्षा केंद्र असलेल्या शाळेच्या समोर चिंचेखाली अख्खी टोळी बसली होती. सकाळी रूपालीनं पेपरला जाणार नाही म्हणून सांगितलं होतं. बाळाला ताप होता आणि गणिताची भीती त्याहून मोठी होती. मामींनी पिकअप तिच्या दारात नेऊन उभी केली, बाळ मंगलच्या हातात दिलं, आणि सगळ्या मिळून तिला परीक्षेला घेऊन आल्या. आता मंगल बाळाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती, अलका ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसत होती, बाकीच्या शाळेच्या खिडक्यांकडं बघत बसल्या होत्या.

मी म्हणाले, मामी, आभाळ बघा. कांदा भिजला तर आमचं वर्ष जाईल.

"जाईल," मामी म्हणाल्या. "मला दिसतंय आभाळ." मग जरा थांबून म्हणाल्या, "आमी आत्ता उठलो तर ती खिडकीतनं बगंल, आन् लिव्हायची थांबंल. पेपर सुटू द्या, वैनी. मंग आमी अंधार पडस्तोवर काटू."

मी काय करणार? चिंचेखाली बसले त्यांच्यात.

दुपारी पाऊस आलाच. फार नाही, पण कडेचा थोडा कांदा भिजला आणि पुढं सडला. टोळीनं म्हटल्याप्रमाणं अंधार पडेपर्यंत काटलं, भिजलेल्याची मजुरी घेतली नाही. तरी सासूबाई पुढं कितीतरी दिवस मामींशी बोलल्या नाहीत. पुढच्या हंगामात मात्र त्यांनीच मला विचारलं, ठकूला सांगितलं का?

रूपाली गणितात नापास झाली. बाकीचे सगळे विषय सुटले. ती रडत आमच्याकडं आली तेव्हा मामींनी विचारलं, किती राहिले? एकच, म्हणाली. मामी म्हणाल्या, "म्हंजी बाकीचं झालं." आणि दुसऱ्या दिवसापासून परत ओसरीवर घेऊन आल्या. पावसाळ्यातल्या फेरपरीक्षेत गणितही सुटलं.

पुढं काही महिन्यांनी रूपालीला शिरूरकडच्या एका कंपनीत काम लागलं. भाग जोडायच्या लाइनवर, महिन्याचा पगार, कंपनीची बस. शिरूरला खोली घेतली, सुमन आणि धाकटी भावंडंही तिकडंच गेली. बापाच्या पाठीचं औषधपाणी तिथं नीट सुरू झालं. श्रीमंत झाली नाहीत ती माणसं. पण दुसऱ्या बहिणीला शाळेतून काढायचा विषय त्या घरात परत निघाला नाही.

पहिल्या पगाराचे पेढे घेऊन रूपाली आमच्या शेतात आली. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. ती मामींच्या पाया पडली. मामींनी ते ओळखपत्र हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. मग पेढा घेऊन त्या शेजारच्या सरीत गेल्या आणि मंगलच्या हातावर ठेवला.

"मंगल, हिला आत घेतली," त्या म्हणाल्या.

मंगलनं आईकडं बघितलं. मग तिनं पेढा मोडला, अर्धा स्वतः खाल्ला आणि अर्धा आईच्या तोंडात घातला. आम्ही सगळ्या कामाला लागलो, कारण तिथं उभं राहणं बरं वाटेना.

आता ठकूमामी थकल्या आहेत. टोळी मंगल चालवते आणि पोरीचा वाटा तीच घालते. मामींची गाठ पूर्वीसारखी पडत नाही. मी त्यांना अगदी अलीकडं बघितलं ते यवतला जाताना. रस्त्याकडेला एक गुऱ्हाळ आहे. उत्तरेकडची माणसं तिथं बायकापोरांसकट राहून गूळ काढतात. उकळत्या रसाच्या काहिलीतून वाफा निघत होत्या, एक दहा-अकरा वर्षांची मुलगी चुलाण्यात उसाची चिपाडं सारत होती, आणि तिच्या बापासमोर पोत्यावर ठकूमामी बसल्या होत्या. काठी आडवी मांडीवर.

मी गाडी सावकाश केली. मामी हिंदी बोलत होत्या. मी त्यांना आयुष्यात हिंदी बोलताना ऐकलं नव्हतं.

"इसका नाम साळा में डालो," त्या सांगत होत्या. "वो साळा सरकारी हाय. पैसा न्हाई लगता."

तो माणूस हात पुसत हसत होता. म्हणत होता, अम्मा, हम लोग तो चार महीने में चले जाएँगे.

"तो चार म्हैना डालो," मामी म्हणाल्या.

यवतला माझी बँकेची, बियाणांची कामं होती, बराच वेळ गेला. परत येताना गुऱ्हाळापाशी बघितलं. तो माणूस काहिलीवर गेला होता. चुलाण्यापाशी त्याची बायको बसली होती. ती मुलगी मामींच्या पुढ्यात उकिडवी बसून त्यांचं काहीतरी ऐकत होती, आणि मामी काठीचं टोक रस्त्याकडं करून तिला दाखवत होत्या, शाळा कुठल्या बाजूला आहे ते.